पदरमोड करून आणलेला लेथ

मैत्रिणींनो, मुलीने मेकॅनिकलचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "अगं, तेलकट हातांनी वर्कशॉपमध्ये उभी राहणार का तू?" आमच्या बचत गटात हा विषय निघाला की मी अमेरिकेतल्या एका जुन्या वर्कशॉपची गोष्ट सांगते.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी १८६८ साली कॉर्नेल विद्यापीठ सुरू झालं. यंत्रविद्या शिकवायची तर फळा-खडू पुरत नाही, मुलांच्या हाताखाली यंत्रं हवीत, असं पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांचं म्हणणं. पण पैशांची ओढाताण होती. शेवटी व्हाइट यांनी यंत्रशक्तीवर चालणारा एक लेथ स्वतःच्या पैशाने आणला. (आपल्याकडेही शाळेच्या बाईंना पदरमोड करावी लागतेच की!)

मग रोचेस्टरचे हायरम सिबली मदतीला आले. शिक्षण बेताचं, पण तारायंत्राच्या धंद्यात भरपूर कमावलेलं. त्यांच्या देणगीतून इमारत उभी राहिली. पण यंत्रं आणून ठेवली म्हणजे वर्कशॉप झालं, असं थोडंच आहे? शिकवणारा जाणता हात लागतो. १८७३ मध्ये जॉन स्वीट हे कसलेले कारागीर आले. नुसते लोखंडाचे तुकडे घासून फेकून देण्यापेक्षा त्यांनी विद्यार्थ्यांकडून उपयोगी वस्तू करून घेतल्या. इंचाचा दहा हजारावा भाग मोजणारं यंत्र तिथेच तयार झालं! मला तर सगळ्यात हेच आवडतं.

१८८२ मध्ये सिबलींच्याच पैशातून जर्मनीहून रूलो यांचे दोनशेहून जास्त यंत्र-नमुने आले. शिलाई मशीनची पायपट्टी वर-खाली हलते, मग चाक गोल कसं फिरतं? हे त्या नमुन्यांवर हाताने फिरवून बघता यायचं. त्यांतले बरेचसे कॉर्नेलने आजही जपलेत.

विद्यापीठात मुलींना १८७२ पासून प्रवेश होता. यंत्रविद्येकडे मात्र १८८४ मध्ये आली केट ग्लीसन, तीही रोचेस्टरचीच. वडिलांचा यंत्रं बनवण्याचा कारखाना. सावत्र भाऊ टायफॉइडने गेला, तेव्हापासून शाळकरी वयातच ही वडिलांच्या हाताखाली. पण कॉर्नेलला वर्षही पुरं झालं नाही. कारखाना अडचणीत आला, तिच्या जागी ठेवलेल्या माणसाचा पगार परवडेना, आणि वडिलांनी तिला परत बोलावलं. घरची ओढाताण झाली की आधी कुणाचं शिक्षण सुटतं, हे तुम्हाला मी काय सांगू!

पदवी राहिली ती राहिलीच. केटने कारखान्याचे हिशेब आणि विक्री सांभाळली, १८९३ मध्ये यंत्रं विकायला एकटी युरोपात गेली. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेने तिला पूर्ण सभासद करून घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली बाई. रोचेस्टरमधलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय आज तिच्या नावाने आहे.

तेव्हा मुलीसाठी कॉलेज बघायला जाल, तेव्हा फी आणि हॉस्टेल विचाराच, पण वर्कशॉपचं कुलूपही उघडायला लावा. किती लेथ चालू आहेत? एका लेथमागे किती मुलं? मुलींना यंत्र स्वतः चालवू देतात, की बाजूला उभं करून वह्या भरायला लावतात? आणि हो, जवळपास मुलींचं स्वच्छतागृह आहे का, तेही बघून या.