निरशा दुधाचा पेला

दूध निरसे प्यावे की तापवून, असे कुरुंद्यातल्या एखाद्या आजीला विचारले तर ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघेल. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले हे मोठे गाव. शिवारात हळद आणि ऊस, दाराशी कुठे गाय, कुठे म्हैस, कुठे दोन शेळ्या. दूध घरात आले की पातेल्यात ओतायचे आणि चुलीवर नाहीतर गॅसवर चढवायचे. त्यात ठरवण्यासारखे काही असते, असे कुणाला वाटत नाही. युरोप-अमेरिकेत मात्र मुलांना कच्चे दूध द्यावे की नाही यावरून घराघरांत वाद झडतात. कारण तिथे दूध घरी तापवायची रीतच नाही. डेअरीत पाश्चरायझेशन झाले तर झाले, नाहीतर गोठ्यातले जंतू थेट पेल्यात.

तरीही निरसे दूध आपल्याकडे मुलांच्या पोटात जातेच. आजोबा धार काढत असतात, नातू पेला घेऊन शेजारी उभा राहतो आणि फेसाळ, कोमट दूध तिथल्या तिथे पिऊन टाकतो. पंचामृतात दूध निरसे असते. डेंग्यूची साथ आली की शेळीचे कच्चे दूध प्यायल्याने ‘पेशी वाढतात’ अशी बोलवा उठते आणि एरवी कुणी न विचारलेल्या शेळीला भाव येतो. पेशी वाढतात याला पुरावा नाही. शेळीच्या कच्च्या दुधातून काय येऊ शकते, याचा पुरावा मात्र शंभर वर्षांहून जुना आहे.

तो मिळाला माल्टा बेटावर. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना चढउतार करणारा, महिनोन्‌महिने न सुटणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो माणसात शिरतो कुठून हे कळेना. माल्टात तेव्हा गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. याहून ताजे, याहून बिनभेसळीचे दूध ते कोणते? 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टीज डॉक्टरने याच शेळ्यांचे रक्त तपासले आणि दोष त्यांच्याकडे निघाला. शेळ्या धडधाकट होत्या, चरत होत्या, भरपूर दूध देत होत्या. त्याच वर्षी साठाहून अधिक माल्टीज शेळ्या घेऊन ‘जोशुआ निकोल्सन’ हे जहाज अमेरिकेकडे निघाले. वाटेत खलाशांनी त्यांचे दूध निरसेच प्यायले आणि बरेच जण तापाने पडले. पुढे माल्टातल्या सैन्याच्या जेवणातून शेळीचे दूध काढून टाकले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

हा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. गाई-म्हशींमध्येही तो आहे आणि मराठवाड्यातल्या पशुपालकाला त्याची एक खूण चांगली ठाऊक असते: जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला सुखरूप वितेही आणि घरच्यांना वाटते, आता ती बरी झाली. प्रत्यक्षात तिच्या दुधातून जंतू पडत राहू शकतात. ‘आमची गाय घरची आहे, निरोगी आहे’ हा कच्च्या दुधाच्या बाजूने होणारा सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद, आणि तो इथेच लंगडा पडतो. माणसाला होणारा हा ताप टायफॉइड किंवा मलेरियासारखा वाटतो. संध्याकाळी चढतो, घाम फुटतो, सांधे धरतात. उपचाराला दोन औषधे मिळून साधारण सहा आठवडे लागतात. म्हणून लांबलेल्या तापाच्या मुलाला दवाखान्यात नेताना घरी जनावरे आहेत हे डॉक्टरांना आपण होऊन सांगितलेले बरे.

क्षयाची गोष्टही दुधाशी जोडलेली आहे. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी 1901 मध्ये लंडनच्या परिषदेत सांगून टाकले की, गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसे भय नाही. एवढ्या मोठ्या माणसाचे बोलणे, पण ब्रिटिश सरकारने त्यावर विसंबून न राहता चौकशी आयोग नेमला. दहा वर्षांनी, 1911 मध्ये, आयोगाने नेमका उलटा निष्कर्ष दिला: गुरांचा क्षय माणसाला होतो, दुधातून होतो आणि त्याचा मोठा फटका मुलांना बसतो. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या दंडावर टोचली जाणारी बीसीजी लस गुरांच्या क्षयाच्या जंतूपासूनच बनली आहे. क्षय झालेल्या एका गाईच्या कासेतून मिळालेला जंतू काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1908 पासून तेरा वर्षे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. 1921 मध्ये पॅरिसमधल्या एका बाळाला या लसीचा पहिला डोस दिला, तोही सुईने नव्हे, तोंडावाटे.

एवढे मोठे आजार बाजूला ठेवले तरी रोजची धार पाहण्यासारखी असते. वासरू सोडायचे, गाय पान्हावली की त्याला ओढून बांधायचे, कासेवर पाण्याचा हबका मारायचा, चरवी गुडघ्यांत धरून धार काढायची. मध्येच शेपटी फिरते. शेणाचा एखादा कण चरवीत पडतो, तो फडक्याने गाळला जातो. फडक्यात शेण अडकते, जंतू नाही. कोमट दुधात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने शंभराचे चार तासांत चार लाख होतात. शेणातूनच येणारा ई. कोलायचा एक घातक प्रकार पाच वर्षांखालच्या मुलांची मूत्रपिंडे बंद पाडू शकतो. मोठ्या माणसाला त्याच दुधाने कदाचित नुसती हगवण लागेल, म्हणून ‘आम्ही लहानपणापासून पितो, आम्हाला काय झाले’ हे उत्तर नातवाच्या कामाचे नाही. संकलन केंद्रावर फॅट किती लागली हे दोन वेळा बघणाऱ्या घराला दुधातल्या जंतूंची मोजदाद कुणी कळवत नाही.

कच्च्या दुधाच्या बाजूने काहीच नाही, असेही नाही. 2011 मध्ये गॅब्रिएला नावाचा युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतावरचे कच्चे दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा कमी आढळला आणि उकळलेल्या दुधात तो फायदा दिसला नाही. समाजमाध्यमांवर निष्कर्षाचा एवढाच भाग फिरतो. त्याच संशोधकांनी कच्चे दूध पाजा असा सल्ला दिलेला नाही. हा धागा धरून जर्मनीत पुढे बाळांवर जी चाचणी सुरू झाली, तिच्यातही दूध सौम्य उष्णतेने का होईना, पाश्चराइज करूनच द्यायचे ठरले. राहिली जीवनसत्त्वे. उकळल्याने ‘क’, ‘ब1’ आणि ‘ब12’ काही प्रमाणात घटतात. पण ‘क’साठी कुणी दूध पीत नाही, आणि प्रथिने व कॅल्शियम यांना उकळीने फारसा धक्का लागत नाही. आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांनी सुश्रुत पुरा वाचावा. त्याने कच्चे दूध पचायला जड आणि तापवलेले हलके म्हटले आहे. धारोष्णाला तेवढी सूट दिली आहे. जंतू दिसायला लागण्याच्या कितीतरी शतके आधीचे हे निरीक्षण आहे आणि जंतूंच्या बाबतीत ती सूट आज देता येत नाही.

पाश्चरायझेशनला 72 अंश सेल्सियस आणि 15 सेकंद पुरतात. घरच्या पातेल्यात दूध उतू जाण्याच्या बेताला येते तेव्हा ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. (पिशवीचे दूध पाश्चराइज्डच असते, तरी आपण ते पुन्हा उकळतो. त्याने बिघडत काही नाही, गॅस तेवढा जळतो.) उकळीतून काही जंतूंची बीजे मात्र तगतात, त्यामुळे तापवलेले दूध दुपारभर कोमट ठेवणेही बरे नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे मुख्य अन्न गाईचे दूध नसावे, मग ते कितीही उकळा.

काही गोष्टी उकळूनही जात नाहीत. पावसात भिजलेला कडबा, ओल धरलेली सरकी पेंड, बुरशी आलेला मक्याचा भरडा जनावराच्या पुढ्यात पडला की त्यातले अफ्लाटॉक्सिन एका दिवसात दुधात उतरते. हे विष आहे, जंतू नव्हे. उकळीने ते नाहीसे होत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातले 6,432 दूधनमुने तपासले, तेव्हा 5.7 टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेपेक्षा जास्त निघाले. भेसळीचे नमुने मात्र अवघे 12 होते. दूध म्हटले की आपण पाणी आणि युरियाच्या गप्पा मारतो. त्यातली थोडी चिंता पेंडीच्या पोत्यासाठी राखून ठेवायला हवी. बुरशीचे खाद्य बंद केले तर काही दिवसांत दूध पुन्हा निवळते. दगडी झालेल्या कासेत सोडलेल्या प्रतिजैविकाचेही तसेच. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचे नाही आणि घरातल्या मुलांनाही द्यायचे नाही.

ब्रुसेलोसिसचा बंदोबस्त तर पातेल्याच्याही आधी, गोठ्यातच करता येतो. केंद्राच्या 2019 पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना याची लस मोफत टोचली जाते. आयुष्यात एकदाच. लस जिवंत जंतूंची असल्याने ती गाभण जनावराला देत नाहीत, नर वासरालाही देत नाहीत, आणि टोचणाऱ्यालाही हातमोजे घालावे लागतात. वय उलटले की संधी गेली. त्यामुळे कालवड किंवा वगार झाली की तिची तारीख लिहून ठेवणे आणि चौथ्या महिन्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणे, एवढे काम घरच्यांकडे उरते.