अवघडतात ते, ओशाळतो आपण

असं एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक तरुण आणि एक तरुणी हॉटेलातल्या टेबलाशी समोरासमोर बसले आहेत. दोघांनी एकमेकांना याआधी कधी पाहिलेलं नाही. कार्यक्रम करणाऱ्यांनीच त्यांची गाठ घालून दिली आहे. तो विचारतो, 'तुम्हाला प्रवासाची आवड आहे?' ती म्हणते, 'नाही, फारशी नाही.' त्याने तयार करून आणलेले पुढचे सगळे प्रश्न प्रवासाचेच होते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मग दोघंही एकदम बोलायला लागतात आणि एकदम थांबतात. 'तुम्ही बोला.' 'नाही नाही, तुम्ही बोला.' आणि मग शांतता.

इकडे घरात काय चालतं? कोणी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघतं. कोणी 'बदल रे तो चॅनल' म्हणून ओरडतं. एखाद्याला नेमकी त्याच क्षणी तहान लागते आणि तो उठून आत जातो. पण आत गेलेला माणूस तिथून विचारतो, 'काय झालं पुढे?'

पडद्यावरचे ते दोघे आपले कोणी लागत नाहीत. आपण त्यांना दिसत नाही. त्यांची भेट फसली तर आपलं काहीच बिघडत नाही. मग आपल्या कानशिलांना ऊब का येते?

अशा कार्यक्रमांना आता बराच इतिहास आहे. १९६५ साली अमेरिकेत 'द डेटिंग गेम' सुरू झाला. पडद्याआड तीन तरुण बसलेले, अलीकडे एक तरुणी, आणि चेहरा न पाहता केवळ उत्तरांवरून तिने एकाची निवड करायची. ब्रिटनमध्ये १९८५ पासून २००३ पर्यंत सिला ब्लॅक या गायिकेने चालवलेला 'ब्लाइंड डेट' याच घराण्यातला. २०२० साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'इंडियन मॅचमेकिंग'ने हा प्रकार थेट आपल्या ओसरीवर आणला. मुंबईच्या सीमा टापरिया त्यात स्थळं सुचवतात आणि मग मुलगा-मुलगी कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा भेटतात. पाहणारे वैतागले, अवघडले, त्यावर भरभरून बोलले, आणि पुढचा भाग लावून बसले. २०२१ मध्ये या मालिकेला एमी पुरस्काराचं नामांकनही मिळालं.

दुसऱ्याच्या फजितीने आपल्याला येणाऱ्या या लाजेला स्पॅनिश भाषेत 'परकी लाज' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. जर्मनमध्ये 'फ्रेम्डशेमन' असं क्रियापदच आहे आणि २०१० साली ऑस्ट्रियात ते वर्षाचा शब्द म्हणून निवडलं गेलं. मराठीत आपण 'बघणाऱ्यालाच लाज वाटावी' असं म्हणतो. एका शब्दाचं नाव मात्र रूढ नाही. या लेखापुरतं आम्ही तिला 'परलज्जा' म्हणू.

पहिला सुचणारा खुलासा असा, की ही लागण आहे. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते, तसा समोरच्याचा संकोच आपल्याला लागतो. खुलासा सोपा आहे, पण पुरा पडत नाही. तो का पुरा पडत नाही, ते डार्विनने १८७२ च्या आपल्या भावदर्शनावरच्या ग्रंथात नोंदवलेल्या एका हकिगतीतून छान दिसतं. एका अतिशय लाजाळू गृहस्थाच्या सन्मानार्थ छोटीशी मेजवानी होती. आभाराचं भाषण त्याने पाठ करून आणलं होतं. तो उभा राहिला, हातवारे केले, आवेश आणला. पण तोंडातून शब्द एकही फुटला नाही. मित्रांच्या लक्षात प्रकार आला. हातवारे थांबले, की तिथे वाक्य संपलं असं धरून ते टाळ्या वाजवत राहिले. आपण अक्षरही बोललो नाही याचा त्या गृहस्थाला पत्ताच लागला नाही. भाषण फार चांगलं झालं, असं त्याने नंतर समाधानाने सांगितलं!

इथे ज्याची फजिती झाली तो खुशीत होता. मग मित्रांना लागण कशाची झाली? त्याच्या मनात नसलेली लाज त्यांच्या मनात आली कुठून?

२०११ साली सोरेन क्राख आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या यंत्रात लोकांना झोपवून त्यांना साध्या रेखाचित्रांतून फजितीचे प्रसंग दाखवले. काही प्रसंगांत फजिती झालेल्याला ती कळलेली होती, काहींत नव्हती. पँटची चेन उघडी राहिलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. परलज्जा दोन्ही प्रकारांत जाणवली. दुसऱ्याला इजा होताना पाहिली की मेंदूचे जे भाग कार्यरत होतात, त्यांपैकी दोन भाग इथेही कार्यरत झालेले दिसले. यावरून 'लाज मेंदूत अमुक ठिकाणी असते' असं मात्र कोणी वर्गात सांगू नये. हेच भाग इतर अनेक प्रसंगीही कामाला लागतात. प्रयोगातून निघणारी आमच्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. परलज्जा ही समोरच्याच्या भावनेची नक्कल नाही. तो माणूस इतरांना कसा दिसत असेल, याचा हिशेब आपलं मन त्याच्या वतीने करतं आणि उत्तर आलं की आपण ओशाळतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मध्येच याचा पाया घातला होता. चारचौघांत वावरताना प्रत्येक जण स्वतःविषयी काहीतरी दावा न बोलता मांडत असतो: मी हुशार आहे, मी सराईत आहे, मला बोलता येतं. हा दावा सर्वांदेखत कोसळला, की अडचण एकट्याची राहत नाही. तो दावा मान्य करून बसलेले सगळेच अडचणीत येतात. पहिल्या भेटीत तर दोघांचा अख्खा वेळ दावे मांडण्यातच जातो, म्हणून तिथे कोसळण्याची संधीही भरपूर!

१९८७ मध्ये रोलंड मिलर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एकाने संगीतावर एकट्याने नाचायचं, विनोद ऐकल्यासारखं खोटं हसायचं, राष्ट्रगीत म्हणून दाखवायचं, आणि दुसऱ्याने नुसतं बघायचं. बघणारेही अवघडले. परक्यापेक्षा मित्राच्या फजितीने माणूस जास्त ओशाळतो, हेही क्राख यांच्या गटाने पुढे दाखवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणं विसरलेल्या मुलीपेक्षा तिसऱ्या रांगेतली तिची आई जास्त घामाघूम का होते, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नकोच. उलट बढाई मारणारा तोंडघशी पडला, तर आपल्याला लाजेऐवजी गंमत वाटते. म्हणजे आपला हिशेब अगदी निःपक्षपाती असतो असंही नाही.

आता त्या शांततेकडे येऊ, कारण सगळं अवघडलेपण तिथेच साठतं. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतली रोजची संभाषणं मोजली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं. भाषाभाषांत थोडा फरक होता, पण नियम एकच होता. आता गंमत अशी, की साधं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायलाही आपल्याला सुमारे ०.६ सेकंद लागतो. मग ०.२ सेकंदात उत्तर कसं देता येतं? समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण ते ओळखतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो, म्हणून. ओळखीच्या माणसाशी हा अंदाज सहज बसतो. अनोळखी माणसाशी, त्यातही घाबरलेल्या अवस्थेत, तो चुकतो. मग दोघं एकदम बोलतात किंवा दोघंही गप्प बसतात.

नेदरलँड्समध्ये नामकेये कौडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक छोटी चित्रफीत दाखवली. बघणाऱ्यांनी स्वतःला त्यातल्या एका व्यक्तीच्या जागी कल्पायचं होतं. एका फितीत बोलणं सुरळीत चालतं, दुसरीत एका शेऱ्यानंतर चार सेकंद शांतता पसरते. एवढ्या चार सेकंदांनी पाहणाऱ्यांना आपण नाकारले गेलो असं वाटू लागलं. दूरचित्रवाणीचा संकलक हे पुरतं ओळखून असतो. कुठली शांतता ठेवायची, तिच्यात कोणाचा चेहरा दाखवायचा, हे सगळं त्याच्या हातात. आपण बघतो ती भेट घडलेल्या भेटीतून वेचून काढलेली असते.

तरीही आपल्या घरातल्या 'मुलगी पाहण्याच्या' कार्यक्रमापेक्षा ही भेट जास्त का बोचते? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अवघडलेपण काही कमी नसतं. पण तिथे दिवाणावर काका बसलेले असतात. शांतता पडली की ते म्हणतात, 'अहो, पोहे घ्या ना.' एखादी मावशी गावाकडच्या पावसाची चौकशी करते. बशी, चमचा, पाण्याचा तांब्या, सगळेच हाताला काम देतात. (या पद्धतीचे इतर दोष आम्ही विसरलेलो नाही, मुलीला चालून दाखवायला लावणारे काकाही याच दिवाणावर बसत.) आमच्या गडचिरोली भागातल्या रेला नाचात तर समोरासमोर एकट्याने बसण्याचा प्रश्नच येत नाही. हातात हात गुंफून रांग चालते, गाणं सगळ्यांचं असतं, तुमच्या वाट्याला शांतता येतच नाही. वडसा-देसाईगंजच्या मंडळींची झाडीपट्टीची नाटकं मंडपात रात्रभर रंगतात. तिथे नट अडखळला तर एखादी टाळी किंवा शिट्टी त्याला सावरून घेऊ शकते, कारण प्रेक्षक त्याच्या हाकेच्या अंतरावर असतो.

दूरचित्रवाणीच्या भेटीने काय केलं? दिवाणावरचे काका-मावशी उचलले आणि काचेच्या अलीकडे आणून बसवले. त्यांना सगळं दिसतं, फक्त 'पोहे घ्या ना' म्हणता येत नाही. डार्विनच्या गोष्टीतल्या मित्रांकडे टाळ्यांचा उपाय होता. आपल्याकडे उरतात ते दोनच: तोंड फिरवणं किंवा हसणं. डोळ्यांवरचा हात, अचानक लागलेली तहान, आणि पडद्यावरच्या त्या बिचाऱ्यावर केलेली टिंगल, हे सगळे या कोंडीतून सुटायचे मार्ग आहेत.

हे सगळं शिक्षकांसाठी लिहिण्याचं कारण असं, की ही काच नसलेलं एक ठिकाण आपल्या रोजच्या पाहण्यात आहे. वर्गात प्रश्न विचारला जातो, एक मूल उभं राहतं, शांतता पडते आणि चाळीस प्रेक्षक बघत असतात. भामरागड किंवा एटापल्लीच्या शाळेत उभं राहिलेलं मूल घरी माडिया बोलत असेल. ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीचं कूळच वेगळं. सिरोंच्यात ते तेलुगू बोलत असेल, मुलचेऱ्यात बंगाली, ब्रह्मपुरीत झाडीबोली. त्याला आधी प्रश्न समजून घ्यायचा आहे, उत्तर शोधायचं आहे आणि मग ते पुस्तकी मराठीत जुळवायचं आहे. ०.२ सेकंदाची सवय लागलेल्या कानांना ही शांतता 'येत नाही' अशी ऐकू येते. मग कोणीतरी फिस्सकन हसतं. हसणारा दर वेळी दुष्ट असतोच असं नाही. पुष्कळदा तोही ओशाळलेला असतो. पण उभ्या असलेल्या मुलाला त्यातला फरक कसा कळावा? असं दोनचारदा झालं की ते उभं राहायचंच सोडतं आणि हजेरीपटावर 'अबोल' ठरतं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक शिक्षिकेने प्राथमिक विज्ञानाच्या शेकडो तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून १९७४ मध्ये दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. एका सेकंदानंतर प्रश्न पुन्हा विचारला जातो, बदलला जातो किंवा दुसऱ्याकडे जातो. शिक्षकांनी थांबणं तीन सेकंदांपलीकडे नेलं, तेव्हा उत्तरं लांबली, 'मला माहीत नाही' कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मात्र तीन सेकंद नुसते एका मुलाकडे रोखून बघत काढले, तर ती पडद्यावरची भेटच झाली. त्या वेळात सगळ्या वर्गाला काम हवं: प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहावं, किंवा शेजाऱ्याशी आधी स्वतःच्या बोलीत बोलून घ्यावं. वर्गातले पोहे ते हेच.

आठवीच्या पुढच्या मुलांबरोबर एक साधा प्रयोग करता येईल. अशा कार्यक्रमाची किंवा कोणत्याही मुलाखतीची दहा मिनिटं आवाजासह दाखवा. एका गटाने प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजावा. ०.२ सेकंद हाताने पकडता येणार नाही, पण एका सेकंदापुढची प्रत्येक शांतता पकडता येईल. दुसऱ्या गटाने पडद्याकडे पाठ करून फक्त वर्गमित्रांकडे पाहावं आणि कोण कधी हसलं, कोणी मान खाली घातली, कोणी चुळबूळ केली, ते घड्याळातल्या वेळेसह लिहावं. नावं लिहू नयेत, नुसत्या खुणा कराव्यात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वेळा जुळतात का ते पाहावं. दुसऱ्या दिवशी हेच स्टॉपवॉच मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या हाती देऊन आपल्याच तासाला चालू ठेवायला सांगावं.