खंजिरी वाजली की आवाज का फाटतो? फोनवर भजन रेकॉर्ड करण्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

आपल्या वर्धा जिल्ह्यात खंजिरी भजन नवीन नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला (तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं) येऊन जवळपास महिनाभर राहिले होते. आज गावोगावी ही भजनं गाणारे बरेच आजोबा सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची चाल वहीत लिहिलेली नसते, गळ्यात असते. म्हणून नातवंडं फोन काढतात, रेकॉर्ड करतात, आणि नंतर ऐकलं की फक्त खर्रर्र! असं का होतं, ते आज बघू.

आकडा मावत नाही म्हणून

फोन आवाजाचे आकडे करतो. साधारण सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतो. १६ बिट रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते ३२,७६७ यांच्यातच बसायला हवा. खंजिरीची थाप एका झटक्यात येते आणि ही हद्द ओलांडते. मग लाटेचा शेंडा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेला भाग फाइलमध्ये लिहिलेलाच नसतो, त्यामुळे नंतर कुठलंही ॲप फक्त अंदाजाने भर घालतं. मूळ आवाज परत येत नाही.

उपाय सोपा आहे. मीटरवर सगळ्यात वरची हद्द ० डेसिबल असते. सगळ्यात जोरात थाप पडली तरी काटा उणे १२ च्या आसपास राहील, इतका गेन कमी ठेवा. ऐकताना आवाज बारीक वाटेल. वाटू द्या! बारीक आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

फोनचा अतिशहाणपणा

फोनमधली बरीच रेकॉर्डिंग ॲप्स बोलणं डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. थाप पडली की ती आवाज आपोआप खाली ओढतात, मग पुढचा शब्दही दबतो. शिवाय एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं नॉइज कमी करणारी सोय धरून चालते. आता हार्मोनियमचा धरलेला सूर तर एकसारखाच असतो ना! तोही पुसला जातो. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये ऑटो गेन आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद करा. अँड्रॉइड ७ पासून काही फोनवर प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याची सोय आहे, ती ॲपमध्ये दिसली तर तीच निवडा.

फोन ठेवायचा कुठे?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हे आपल्या फायद्याचं आहे. गाणारा स्वतःच खंजिरी वाजवत असेल, तर फोन तोंडापासून एक फुटावर आणि खंजिरीपासून दोन फुटांवर येईल असा धरा. गळा आपोआप पुढे येतो. तोच फोन दहा फुटांवर ठेवला तर दोन्ही अंतरं जवळपास सारखी होतात आणि हा फायदा जातो. फोन तोंडाच्या थोडा बाजूला असू द्या, म्हणजे श्वासाचे फटके बसत नाहीत. हार्मोनियमवर तर ठेवूच नका, भात्याची धडधड त्यात उतरते.

टिनाचं छत आणि फरशीची खोली आवाज परत फेकते. सतरंज्या अंथरा, दोरीवर गोधड्या टाका, पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं

आधी सगळ्यात जोरातला गजर ३० सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही फाइल निवडा. मोनोमध्ये मिनिटाला सुमारे ५.८ एमबी, म्हणजे तासाला ३५० एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा. सुरुवातीलाच गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून बोलून घ्या.

महागडा माइक पुढच्या वर्षीही घेता येईल. आजोबांचा दम मात्र दरवर्षी थोडा कमी होतोय. या रविवारी जमतंय का बघा. भेटू पुढच्या भागात!