अहवालातील शिल्लक आणि शरीराची पत

व्यापारी कुटुंबात आकड्याला मोठा मान असतो. खतावणीत जे दिसते तेच खरे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. बँकेत अनेक वर्षे ताळेबंद तपासण्यात गेल्यामुळे माझीही वृत्ती तशीच झाली आहे. परंतु एक आकडा चुकीच्या अर्थाने वाचला गेला, तर घरावर केवढे संकट ओढवू शकते, हे मी २०२१ साली स्वतःच्या नात्यात पाहिले.

माझ्या धाकट्या भगिनीच्या मुलाचे रविवार कारंजा परिसरात कापडाचे दुकान आहे. त्याला काही वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्यांचा दाहविकार आहे. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. जखमा होतात, शौचावाटे रक्त जाते, अशक्तपणा येतो. क्रोन्स हा याच कुळातील दुसरा विकार; तो पचनमार्गाच्या कोणत्याही भागात होऊ शकतो. दोन्ही विकार दीर्घकाळ सोबत राहणारे आहेत. भाच्याला दर आठ आठवड्यांनी सलाइनवाटे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध दिले जात असे आणि त्यावर तो उत्तम रीतीने व्यवसाय सांभाळत होता.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने नाशिक होरपळत असताना, त्या घरातील सर्वांनाच कोरोना झाला. सुदैवाने सारे घरीच बरे झाले. जूनमध्ये सर्वांनी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीची, तपासणी करून घेतली. वडिलांचा आकडा भरघोस, धाकट्या भावाचाही चांगला. भाच्याच्या अहवालात मात्र जवळजवळ काहीच नाही. तो मला म्हणाला, ‘मामा, हे औषधच माझी ताकद खातंय. आता ते बंद केलेलं बरं.’ मीही अहवाल पाहिला आणि गप्प राहिलो. ते मौन आजही मला सलते.

डॉक्टरांना न विचारता त्याने औषधाची पाळी चुकवली. चातुर्मास नुकताच सुरू झाला होता. घरात व्रतांची लगबग होती आणि त्याच दिवसांत त्याला रक्तस्राव सुरू झाला. रुग्णालयात दाखल करावे लागले आणि विकार आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागले. यातील विपर्यास मला नंतर उमगला. आतड्यांच्या दाहविकाराच्या कोरोनाबाधित रुग्णांची जी आंतरराष्ट्रीय नोंदवही ‘सिक्युअर-आयबीडी’ नावाने ठेवली गेली, तिच्या २०२० सालच्या निष्कर्षांत ३३ देशांतील ५२५ रुग्ण होते. त्यात गंभीर कोरोनाशी संबंध आढळला तो स्टेरॉइडचा; इन्फ्लिक्सिमॅबच्या वर्गातील औषधांचा तसा संबंध आढळला नाही. ज्या भीतीने औषध सोडले, ती भीती अधिक जोखमीच्या औषधाच्या दारात घेऊन गेली.

मग आकडा कमी का आला? याचे उत्तर ब्रिटनमधील ‘क्लॅरिटी आयबीडी’ या अभ्यासाने दिले होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात तेथील ९२ रुग्णालयांतून ६,९३५ रुग्ण त्यात सहभागी झाले. काही इन्फ्लिक्सिमॅब घेणारे, तर काही मुख्यतः आतड्यापुरतेच काम करणारे व्हेडोलिझुमॅब घेणारे. दोन्ही गटांत कोरोनाचे प्रमाण सारखेच होते. परंतु ज्यांची लागण तपासणीने सिद्ध झाली होती, त्यांपैकी व्हेडोलिझुमॅब घेणाऱ्या ८३ टक्के रुग्णांत प्रतिपिंडे सापडली, तर इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत केवळ ४८ टक्क्यांत. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ नावाच्या दाह वाढविणाऱ्या प्रथिनाला अडवते; हेच प्रथिन प्रतिपिंडे तयार करण्याच्या कामातही सहभागी असते. म्हणून अहवालातला आकडा उणा दिसतो.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर प्रतिपिंडे ही चालू खात्यातील शिल्लक होय. शरीराची पत केवळ तेवढ्यावर ठरत नाही. विषाणूची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी आणि टी-पेशी यांची ठेव वेगळी असते व ती या साध्या रक्ततपासणीत दिसत नाही. लसीनंतर टी-पेशींचा प्रतिसाद या दोन्ही औषधांच्या गटांत सारखाच असल्याचे त्याच संशोधकांना आढळले.

तरीही आकडा अगदी निरर्थक मानू नये. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत लसीच्या एका मात्रेनंतर प्रतिपिंडे कमी तयार झाली. दुसऱ्या मात्रेनंतर किंवा आधी कोरोना होऊन गेला असल्यास बहुतेकांत ती तयार झाली. पुढे असेही दिसले, की त्यांच्यातील प्रतिपिंडे लवकर ओसरतात. याचा बोध एवढाच, की अशा रुग्णाने लसीच्या मात्रा अर्ध्यावर सोडू नयेत. ब्रिटनमधील त्या अभ्यासात वापरलेल्या दोन लसींपैकी एक म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने बनविलेलीच लस. ती जिवंत लसींच्या वर्गातील नसल्याने अशा रुग्णांना देता येते. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र या औषधांवर असताना टाळाव्या लागतात.

भाच्याचे औषध डॉक्टरांनी पुन्हा सुरू केले. कोरोनातून बरे झाल्यावर तीन महिने थांबण्याचा तेव्हाचा नियम होता, त्यानुसार ऑगस्टमध्ये त्याने पहिली मात्रा घेतली व नोव्हेंबरमध्ये दुसरी. आज तो पूर्ववत दुकानात बसतो.

आपल्या समाजात असे रुग्ण अनेक घरांत असतील. शौचाच्या तक्रारी संकोचाने लपविल्या जातात, एवढेच. त्यांना माझी विनंती आहे, की चालू औषध स्वतःच्या निर्णयाने थांबवू नका. लस घेताना ही औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि दीर्घ उपवास किंवा चौविहाराचा नियम घेण्यापूर्वी औषधांच्या वेळा त्यांच्याकडून ठरवून घ्या. घरातील वडीलधाऱ्यांनी तर अहवाल हाती आला, की माझ्यासारखे मौन धरू नये. ‘डॉक्टरांना विचारलंस का?’ एवढा एकच प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता, तर त्याचा रुग्णालयातील मुक्काम कदाचित टळला असता.