दोन ससे घरी आणण्यापूर्वी



आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली. वर्गात सशाचा उल्लेख किती वेळा केला असेल, त्याची गणती नाही. पण तो नेहमी एकाच कारणासाठी. जे मुळात अस्तित्वातच नाही त्याचं उदाहरण द्यायचं झालं, की आपल्याकडचे नैयायिक असोत, वेदान्ती असोत वा बौद्ध, सगळे सशाच्या शिंगाकडे बोट दाखवतात. वंध्येचा पुत्र, आकाशातलं फूल आणि शशशृंग, ही ठरलेली उदाहरणं. थोडक्यात, सशाला जे नाही त्यावर आम्ही चाळीस वर्षं बोललो. त्याला काय आहे आणि त्याला काय लागतं, हे पाहायचं राहूनच गेलं.

ते पाहण्याची वेळ गेल्या डिसेंबरात आली. एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता सोडून दिलेल्या प्राण्यांसाठी काम करते. "सर, दोन ससे आहेत. एक नर, एक मादी, दोन वर्षांचे. कुणी घेत नाहीये. तुम्ही आणि काकू दिवसभर घरी असता, म्हणून विचारते." कुणीतरी मुलाच्या वाढदिवसाला दुकानातून पिल्लं आणली. ती मोठी झाली, वायरी कुरतडू लागली, मग दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी. आपल्या भाषेत ससेहोलपट असा शब्द आहे. या जोडीला तो अक्षरशः लागू पडतो.

आम्ही दोघांनी होकार दिला, तेव्हा तिने तीन पानांचा अर्ज पाठवला. त्यातला शेवटचा प्रश्न असा होता: तुमच्यानंतर यांना कोण सांभाळेल? खरं सांगायचं तर आम्हांला राग आला. त्या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आधी तयारी काय करावी लागते ते सांगतो, कारण आज सभागृहात आमच्या वयाचे बरेच जण दिसतात आणि 'ससा म्हणजे काय, पिंजरा आणि गाजर' अशीच आमचीही समजूत होती.

पहिली गोष्ट, ससा या आपल्या एका शब्दात दोन वेगळे प्राणी बसतात. माळरानावर दिसतो तो रानससा. तो उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला घरी ठेवता येत नाही. पाळीव ससा निराळा. त्याचे पूर्वज स्पेनकडच्या प्रदेशातले, जमिनीत बिळं करून घोळक्याने राहणारे. पिल्लं उघडीवाघडी आणि आंधळी जन्मतात. पाळीव सशाच्या सगळ्या गरजा या बिळातल्या आयुष्यातून निघतात, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सोपं जातं.

घोळक्याने राहणारा प्राणी एकटा ठेवला तर तो जगतो, पण खुरटतो. म्हणून जोडी. आमच्याकडे येणारे हे दोघं एकमेकांना चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात. एकाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तरी दुसऱ्याला बरोबर न्यावं, असं आम्हांला बजावलं आहे. पण नरमादी एकत्र ठेवायचे तर दोघांचीही नसबंदी झालेली हवी. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा, आणि व्यायल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. हिशेब तुम्हीच करा. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, तेवढे दिवस वेगळं ठेवावं लागतं. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. आमच्या जोडीचं हे काम संस्थेने आधीच उरकलं आहे.

आता जागा. तारेच्या तळाचा पिंजरा पूर्णपणे बाद. कुत्र्यामांजराच्या पंजाला गादी असते, सशाच्या तळपायाला नुसती लव. तारेवर किंवा गुळगुळीत फरशीवर राहून पाय सोलवटतात, जखमा होतात. इंग्लंडात सशांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी जोडीसाठी किमान माप सांगितलं आहे: ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर उंच. आमच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा फक्त अभ्यासिकेत होती. म्हणजे पुस्तकांची खालची दोन फळ्यांची रांग रिकामी करणं आलं, कारण ससा कागद आणि लाकूड कुरतडणारच. तिथल्या ग्रंथांची रवानगी माळ्यावर झाली. फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरल्या. वायरी प्लॅस्टिकच्या नळ्यांत घालून भिंतीला ठोकल्या. पुठ्ठ्याचं खोकं घेऊन त्याला दोन दारं पाडली. दोन का? बिळात शत्रू शिरला तर पळायला दुसरी वाट लागते. एकच दार असलेलं खोकं सशाला आसरा वाटत नाही, सापळा वाटतो. कोपऱ्यात पसरट ट्रे, त्यात फाडलेला कागद आणि शेजारी गवत. ससे खाता खाता विधी उरकतात, त्यामुळे ही सवय लवकर लागते म्हणे.

खाण्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. गाजर हे त्याचं जेवण नव्हे, गोड खाऊ आहे, तोही कधीतरी छोटा तुकडा. त्याचं जेवण म्हणजे गवत. रोजच्या आहारात बहुतेक सगळा वाटा वाळलेल्या गवताचा हवा. ते दिवसरात्र समोर असायला हवं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. गवत चावून चावूनच ते झिजतात. झिजले नाहीत तर तोंडात रुततात आणि प्राणी भरल्या ताटासमोर उपाशी मरतो. टिमोथी नावाचं परदेशी गवत पाकिटातून मिळतं, महाग आहे. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, तीही चालते. मात्र औषध फवारलेली किंवा रस्त्याकडेची नको. जोडीला धुतलेली कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किट यांतलं काहीही नाही. नातवंडांना हे सांगणं सशाला सांगण्यापेक्षा अवघड जाणार आहे.

ससा आपल्या मऊ लेंड्या थेट शेपटीखालून खातो, हे ऐकून आमच्या घरात नाक मुरडलं गेलं. पण तो रोग नव्हे. गाय रवंथ करते, ससा तेच काम दुसऱ्या वाटेने करतो. आतड्यातल्या जंतूंनी आंबवलेलं अन्न पुन्हा पोटात घेऊन त्यातलं सत्त्व मिळवतो. हे यंत्र सतत चालतं राहिलं पाहिजे. सशाला उलटी होत नाही. त्याने दहाबारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. तातडीने डॉक्टर. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो, त्यामुळे रोज लेंड्या पाहणं हेच त्याची प्रकृती विचारणं. म्हणून सशांवर उपचार करणारे पशुवैद्य आम्ही आधीच शोधून ठेवले. सगळ्यांना त्याचा अनुभव नसतो. अॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं सशाच्या पोटात गेली तर जिवावर बेततं. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिलही सशाला घातक. घरातला औषधांचा डबा या बाबतीत बंदच ठेवायचा.

आणि पुण्याचा उन्हाळा. सशाला थंडी सोसते, उष्मा सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. पारा तिशीच्या जवळ गेला की काळजी सुरू करायची, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो चाळिशीला टेकतो. अभ्यासिका पूर्वेकडची, दुपारी सावलीत असते. खिडकीला वाळ्याचा पडदा, पंखा, आणि बाटल्यांत बर्फ करून त्या टॉवेलात गुंडाळून ठेवायच्या. ससा त्यांना टेकून पडतो. तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागला तर कानांना गार पाणी लावून थेट दवाखाना. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. हे सगळं ऐकल्यावर आम्ही दोघांनीच ठरवलं, यंदाचा मे जाऊ दे. जोडी जूनअखेर येईल.

याकोब फॉन युक्सक्यूल नावाचा एक जीवशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक प्राण्याचं स्वतःच्या इंद्रियांनी बनलेलं स्वतःचं जग असतं. आम्ही हे शिकवलं होतं. समजलं मात्र आता. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मागचं, वरचं सगळं दिसतं, फक्त नाकासमोरचं नाही. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या जगात झडप घालणारी घार. आपण प्रेमाने उचलतो आणि त्याला वाटतं, संपलं. म्हणून उचलायचं नाही, जमिनीवर बसून वाट पाहायची. आमचे गुडघे आता तसे मांडी घालू देत नाहीत. गेले दोन महिने रोज सकाळी भिंतीला टेकून दहा मिनिटं खाली बसण्याचा सराव चालू आहे. उठताना 'अहो, सावकाश' असा आवाज स्वयंपाकघरातून येतो.

आता तो शेवटचा प्रश्न. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, काही बाराही. हे दोघं आज दोन वर्षांचे. आम्ही चौऱ्याहत्तरचे. बेरीज तुम्हांला येते. राग यासाठी आला, की त्या मुलीने आम्ही टाळत असलेली बेरीज कागदावर मांडली.

कांटचं म्हणणं होतं, प्राण्यांशी आपण दयेने वागावं ते माणसांशी वागताना आपलं मन कठोर होऊ नये म्हणून. हेही आम्ही वर्षानुवर्षं सांगितलं. आता ते अपुरं वाटतं. दत्तक घेणं हे वचन आहे. माणसाला दिलेलं वचन मोडलं तर तो येऊन जाब विचारतो. ससा विचारणार नाही. भांडण नाही, ओरडणं नाही, तो नुसता खायचं थांबेल. जो जाब विचारू शकत नाही, त्याला दिलेल्या वचनाची व्यवस्था देणाऱ्यानेच आधी करून ठेवायची असते.

आम्ही नकार कळवायच्या बेतात होतो. तेव्हा आमची पुतणी म्हणाली, "काका, माझं नाव लिहा." आम्ही लगेच लिहिलं नाही. तिला संस्थेत तीन रविवार नेलं, ट्रे साफ करायला लावले, तिच्या घरच्यांशी बोललो, खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला काढली आणि ती तिला सांगितली. मग नाव लिहिलं. तुमच्याकडे असं कुणी नसेल, तर संस्थांना तात्पुरता सांभाळ करणारी घरं लागतात, किंवा वयस्कर ससे असतात ज्यांना कुणी नेत नाही. आणि काहीच जमणार नसेल तर नाही म्हणावं. तो नकारही त्या प्राण्याच्या हिताचाच असतो.

अभ्यासिका तयार आहे. गवताची पहिली पोती आली आहेत, सगळ्या घराला त्यांचा वास येतोय. आता कुणाला प्रश्न असतील तर विचारा.