माशाची शू जाते कुठे?

हसू नकोस! प्रश्न अगदी खरा आहे.

तुझ्या घरी, नाहीतर शेजारच्या काकूंकडे, नाहीतर दातांच्या डॉक्टरांकडे काचेची टाकी बघितली असशीलच. मासे शेपट्या हलवत इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता जरा विचार कर. मासा जेवतो त्याच पाण्यात. झोपतो त्याच पाण्यात (डोळे उघडे ठेवून, कारण त्याला पापण्याच नाहीत!). आणि शूसुद्धा त्याच पाण्यात!

ना बाथरूम, ना फ्लश. तरी वर्षानुवर्षं मजेत. हे जमतं कसं?

आधी एक गंमत ऐक. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही! मग शू येते कुठून? स्वयंपाकघरात जा आणि एक मनुका वाटीभर पाण्यात टाक. सकाळी बघ, टम्म फुगलेला! मनुक्यात साखर ठासून भरलेली, बाहेर साधं पाणी, म्हणून पाणी आत घुसलं. माशाच्या अंगातही बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त. त्यामुळे न पिताच पाणी आत शिरत राहतं. ते बाहेर काढलं नाही, तर मासाही मनुक्यासारखा फुगेल! म्हणून बिचारा दिवसभर शू करत असतो. पण ती नुसती पाणीदार. घाणीचा खरा माल त्यात थोडाच असतो.

मग खरा माल बाहेर पडतो कुठून? ओळख पाहू!

शेपटीकडून? चूक! पोटाखालून? तेही चूक! तो पडतो कल्ल्यांतून! माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एक झाकण सारखं उघडमीट करतं ना? त्याखाली लालबुंद झालरी असतात. तेच कल्ले. मासा त्यांतून प्राणवायू आत घेतो आणि त्यांतूनच अमोनिया बाहेर सोडतो. म्हणजे आपण नाकानं शू केल्यासारखंच की!

अमोनिया तुझ्या ओळखीचा आहे. एसटी स्टँडवरच्या मुतारीजवळून जाताना नाक दाबतोस ना? किंवा दाबतेस? डोळ्यांत झोंबणारा तो वास त्याचाच. टाकीत तो इतका थोडा असतो की वास येत नाही. रंगही नाही. पण माशाला तेवढाही पुरतो. त्याचे कल्ले जळजळायला लागतात. मासा पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड वासत राहतो.

आणि इथेच सगळं उलटं होतं बघ. नवी कोरी टाकी, काच चकाचक, पाणी आरशासारखं, खाली निळे-पिवळे खडे. मोठ्या हौसेनं पाच-सहा मासे आणले. आठवड्याभरात एकेक मासा उलटा! पण दोन वर्षं चाललेली जुनी टाकी बघ. काचेवर हिरवट शेवाळ, फिल्टरचा स्पंज मळकट. त्यातले मासे मात्र टुणटुणीत!

असं का? कारण जुन्या टाकीत माशांखेरीज आणखी कुणीतरी राहतं. एकदोन नाही, कोट्यवधी! आणि त्यांतला एकही डोळ्यांना दिसत नाही.

ते आहेत जिवाणू. घाबरू नकोस, हे आजार करणारे नव्हेत. यांच्या दोन टीम आहेत. पहिली टीम अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. झालं काम? छे! नायट्राइटही विषारीच. ते रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, माशाचं लाल रक्त चक्क तपकिरी दिसायला लागतं. मग धावून येते दुसरी टीम. ती नायट्राइट घेते आणि त्याचं नायट्रेट करते. शाळेतल्या रिले शर्यतीसारखं! पहिल्यानं काठी दिली, दुसऱ्यानं पळवली. आणि नायट्रेट थोडंथोडकं असेल तर माशाला फारसं काही करत नाही. टाकीतल्या पाणवनस्पतींना तर ते खाऊच. कारण नायट्रेट म्हणजे खत!

माशाच्या शूचं खत झालं. तेही टाकीतल्या टाकीत!

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून बसतात. खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजवर. स्पंजला भोकंच भोकं, म्हणजे खोल्याच खोल्या! शिवाय त्यातून पाणी सतत वाहतं. अमोनिया घरपोच, प्राणवायू घरपोच.

प्राणवायूवरून आठवलं. एअर पंपाचे बुडबुडे मासे श्वासात घेतात असं वाटतं ना? तसं नाही! बुडबुडे वर येऊन फुटतात, पाणी ढवळतं आणि पाण्याचा पृष्ठभाग हवेतला प्राणवायू शोषून घेतो. मुख्य काम ते ढवळण्याचं. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. आणि आपल्याकडच्या उबदार पाण्याच्या एका लिटरमध्ये? जेमतेम ५-६ मिलिलिटर! एवढ्याशातच माशांनी भागवायचं आणि आपल्या जिवाणूंनीही. म्हणून तासन् तास लाइट गेली तर मगभर पाणी टाकीतूनच घेऊन जरा उंचावरून परत टाकीत ओतावं. पुन्हा पुन्हा. हात दुखला की ताईला बोलवावं!

आता तुला एका घरातली गोष्ट सांगते. लंडनमधली, १८४९ सालची.

तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी मोठ्या काचेच्या भांड्यात पाणी भरलं, दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि वॅलिस्नेरिया नावाची लांब पट्ट्यांसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. विचार असा, की मासे सोडतात ती हवा वनस्पती वापरेल आणि वनस्पती सोडते तो प्राणवायू मासे घेतील. पाणी बदलायची कटकटच नको!

काही दिवस झकास चाललं. मग जुनी पानं कुजायला लागली. पाणी गढूळ, काचेवर हिरवा चिकट थर. मासे कासावीस! वॉरिंग्टन यांनी काय केलं असेल? त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं फस्त केली, काच चाटूनपुसून साफ केली. वर त्यांनी घातलेली अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली! मासे, वनस्पती, गोगलगाई, सगळे खूश. पुढच्याच वर्षी वॉरिंग्टन यांनी हा प्रयोग लंडनच्या शास्त्रज्ञांपुढे मांडला. घराघरांत मासे पाळायच्या हौसेला अशाच प्रयोगांनी जोर आला.

पण त्या भांड्यात आणखी कुणीतरी राबत होतं, बरोबर? आपले दोन टीमवाले! वॉरिंग्टन यांना त्यांचा पत्ताच नव्हता. कुणालाच नव्हता.

आणि आता ऐक. माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे. वॉरिंग्टन यांना एक मुलगा होता. त्याचंही नाव रॉबर्टच! बाबांची टाकी सुरू झाली, तेव्हा तो होता १०-११ वर्षांचा. म्हणजे पाचवीतल्या मुलाएवढा. मोठा होऊन तोही रसायनशास्त्रज्ञ झाला, पण शेतीचा. रॉथमस्टेड नावाच्या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात तो मातीचा अभ्यास करायचा. मातीत अमोनियाचं नायट्रेट कोण करतं, हा त्याचा प्रश्न. वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यानं दाखवून दिलं, की हे काम जिवंत जिवाणू करतात, दोन पायऱ्यांत करतात आणि दोन्ही पायऱ्यांचे जिवाणू वेगवेगळे!

बाबांच्या टाकीत जे गुपचूप चालायचं, तेच मुलानं मातीत शोधून काढलं! मातीतलं आणि टाकीतलं काम एकच. असा योगायोग कुणी गोष्टीत लिहिला असता, तर मी म्हटलं असतं, 'काहीतरीच!'

ते जिवाणू वेगळे काढून वाढवणं मात्र त्याला जमलं नाही. ते जमलं सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला, १८९० च्या सुमारास. मग सगळ्या पुस्तकांत छापलं गेलं: दोन टीम, दोन पायऱ्या. सव्वाशे वर्षं सगळ्यांनी तेच पाठ केलं.

आणि २०१५ साली काय झालं असेल? काही शास्त्रज्ञांना एक असा जिवाणू सापडला, जो दोन्ही पायऱ्या एकटाच चढतो! रिलेची काठी कुणाला देतच नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच धावतो. आणि तो सापडला कुठे? नेदरलँड्समध्ये, मासे वाढवायच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये! तुझ्या टाकीचा स्पंज आता जरा आदरानं बघ हं.

मग नवी टाकी लगेच का चालत नाही, ते कळलं ना? तिथे हे लोक राहायलाच आलेले नसतात! आणि ते वाढतात अगदी गोगलगाईच्या गतीनं. आपल्या पोटातला एखादा जिवाणू सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. यांना त्यासाठी कित्येक तास लागतात, कधी दिवसही. म्हणून टाकी नीट लागायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर एकदोनच मासे ठेवायचे, खाणं कमी घालायचं आणि पाणी थोडं थोडं बदलत राहायचं.

खाणं! घरातली खरी भानगड तिथेच असते. टाकी एकट्याची कधीच नसते. शाळेत जाताना ताई चिमूटभर दाणे टाकते. ऑफिसला निघताना बाबा चिमूटभर. दुपारी आजी म्हणते, 'बघ कसे तोंड वासतायत बिचारे,' आणि पुन्हा चिमूटभर! मासे तर माणूस दिसला की काचेकडे धावतातच. त्यांना पक्कं आठवतं, हा खाऊवाला! (गोल्डफिशच्या लक्षात तीन सेकंदच राहतं म्हणतात, ती शुद्ध थाप. शिकवलेल्या गोष्टी त्याला कित्येक आठवडे आठवतात.) आणि गंमत म्हणजे गोल्डफिशला आपल्यासारखं जठरच नाही! खाल्लेलं साठवायला पिशवीच नाही. त्याचे दातही तोंडात नसतात, घशात असतात. म्हणून त्याला थोडं थोडंच द्यायचं. उरलेले दाणे तळाशी कुजतात आणि होतं काय? अमोनिया! जिवाणू बिचारे किती पुरे पडणार? साधा उपाय म्हणजे टाकीशेजारी कालनिर्णय टांगायचं. ज्यानं खाऊ घातला त्यानं टिक करायची. टिक दिसली की बाकीच्यांनी हात मागे! आजीनंसुद्धा!

आता स्पंजची आंघोळ. तो नळाखाली धरून खसाखसा धुवायचा नाही! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला जुलाब, कावीळ होऊ नये म्हणून ते घालतात. पण क्लोरीनला आपले-परके कळत नाही, ते आपले जिवाणूही मारून टाकतं. त्यापेक्षा टाकीतलंच पाणी बादलीत काढ आणि स्पंज त्यात हलकेच पीळ. चहासारखं तपकिरी पाणी निघेल. नाक जवळ ने. घाण वास येतोय? नाही! ओल्या मातीसारखा येतो. तसा येत असेल तर तुझी टाकी ठणठणीत.

पाणी दर आठवड्याला पाव भाग बदललं तरी बास. नवं पाणी आधी अँटी-क्लोरीनचे थेंब घालून ठेवायचं. आणि काढलेलं पाणी मोरीत ओतू नकोस. त्यात नायट्रेट आहे, आठवतंय ना? ते मोगऱ्याच्या कुंडीत घाल!

अरे हो, एक युक्ती राहिली. चार-सहा आठवडे कमी करायची! आईला दही लावायचंय आणि घरात विरजण नाही, तर ती काय करते? वाटी देऊन तुला शेजारी पिटाळते. टाकीचंही अगदी तस्संच! ज्याची टाकी जुनी आहे आणि मासे धडधाकट आहेत, त्याच्याकडून मळक्या स्पंजचा एक तुकडा आणायचा आणि आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. लागलं विरजण! हौशी लोक हे सर्रास करतात.

म्हणून वर्गातल्या मित्रानं नवी टाकी घेतली, तर वाढदिवसाला त्याला मासे देऊ नकोस. घाणेरडा स्पंज दे! फक्त चकचकीत कागदात गुंडाळू नकोस हं, वाळला तर सगळे मरतील. टाकीच्या पाण्यासकट डब्यात घाल आणि तडक त्याच्या घरी पोचव. तो आधी नाक मुरडेल. मग त्याच्या टाकीत गप्पी येतील. गप्पी तर अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लंच देतात, साधारण दर महिन्याला! बघता बघता त्याच्याकडे इतके गप्पी होतील की तोच बरणी घेऊन तुझ्या दारात उभा राहील: 'थोडे घे ना, प्लीज!'