हसू आटता कामा नये

घरात आजारपण, डोक्यावर कर्ज, त्यात पावसाने दिलेली ओढ. अशा वेळी मुलांनी टीव्हीवर विनोदी सिनेमा लावला की वडीलधारे हटकतात, ‘हे काय हसायचे दिवस आहेत?’ बोलणे काळजीपोटीच असते. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर हसण्याची खरी गरज अशाच दिवसांत असते.

सततच्या काळजीने शरीर जणू रात्रंदिवस पहाऱ्यावर उभे राहते. स्नायू आखडतात, झोप उडते, रक्तदाब वाढतो. खळखळून हसताना श्वास जोराने बाहेर पडतो आणि हसणे थांबल्यावर अंग सैल पडते. मेंदूत एंडॉर्फिन ही वेदना शमविणारी द्रव्येही स्रवतात. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, विनोदी चित्रफिती पाहून हसलेल्या माणसांची वेदना सहन करण्याची शक्ती वाढलेली दिसली. माणूस एकट्याने कमी आणि चारचौघांत जास्त हसतो, हेही लक्षात ठेवावे.

१९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आठवून पाहा. त्यातली अडचण काय? पुण्यात चार तरुणांना राहायला जागा मिळत नाही! ज्याच्यावर ही वेळ येते, त्याला ती रडवणारीच. तीच अडचण पडद्यावर, थोडी दूर ठेवून पाहिली की आपल्याला हसू येते. आपल्या संकटाकडेही असे घटकाभर दुरून पाहता आले, तर मनाला विसावा मिळतो.

अर्थात सिनेमाने कर्ज फिटत नाही की विहिरीला पाणी लागत नाही. मराठवाड्याची बोली पडद्यावर नेऊन महाराष्ट्राला हसविणारे मकरंद अनासपुरे २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकरांसह ‘नाम’ संस्थेद्वारे शेतकरी कुटुंबांच्या मदतीलाही उभे राहिले. माणसाला हसूही हवे आणि आधारही.

म्हणून आठवड्यातून एकदा, जेवणे आटोपली की सर्वांनी मिळून एखादा विनोदी सिनेमा पाहावा. जागरण मात्र टाळावे. औषधे बंद करू नयेत. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर टाके भरेपर्यंत जपावे. ज्याचे दुःख ताजे आहे, त्याला हसण्याचा आग्रह करू नये, नुसते शेजारी बसावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या प्रसंगावर आपले माणूस एरवी पोट धरून हसायचे, त्यावर आता त्याला हसूच येत नाही. झोप-भूक उडाली आहे, बोलणे तुटले आहे आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, तर हा हट्ट किंवा आळस नव्हे. हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन जावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते. जगण्यात अर्थ नाही, असे कोणी बोलून दाखवले तर मात्र दोन आठवडे थांबू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मदत मिळवावी.